मले आणि मला

आमच्या घरात नकला करण्यात माझा नंबर दुसरा होता. पहिला विमलताईचा. हे मी आजवर एकाही मुलाखतीत सांगितलेलं नाही. मुलाखत घ्यायला येणारी मुलं विचारतात, "सर, अभिनय कुणाकडून शिकलात?" आणि मी कॉलेजातल्या सरांचं, मुंबईतल्या एकदोन दिग्दर्शकांचं नाव घेऊन मोकळा होतो. ती नावं खोटी नाहीत. पण बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात चुलीपुढे बसून, भाकर थापता थापता, स्टेशनमास्तरांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना आमच्या दीड खोलीत आणून उभं करणारी जी मुलगी होती, तिचं नाव घ्यायला माझी जीभ रेटत नाही. का रेटत नाही, ते सांगायला हे प्रकरण लिहितो आहे. आता सांगितलं नाही तर राहूनच जाईल.

बाबा पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे. क्वार्टरच्या मागच्या भिंतीपासून वीस पावलांवर यार्ड. मालगाडीचे डबे जोडताना आधी एक दणका बसायचा, मग तो दणका डब्याडब्यातून लांबवर पळत जायचा, आणि त्यासरशी आमच्या फळीवरची भांडी बोटभर पुढे सरकायची. माय रोज संध्याकाळी ती मागे ढकलून ठेवायची. पाहुण्यांना त्या आवाजात झोप येत नसे. आम्हाला तो थांबला की जाग यायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली खिळ्याला टांगलेली बाबांची शिट्टी आणि कंदील, आणि त्यांच्या बाजूला, जणू तेही एखादं सरकारी सामान असावं तशी, माझी प्रगतिपुस्तकं. बाबा चौथी शिकलेले. शिक्षणाने माणूस उभा राहतो, यावर त्यांचा इतका विश्वास होता की माझ्या वह्यांना ते हात धुऊन हात लावत. पण मायला दम्याने धरलं, घरात दोन हात कमी पडू लागले, तेव्हा सातवीतून काढलं ते विमलताईला. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी होती ती. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. एका सोमवारी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर आलं, एवढंच. त्या दप्तराचा पट्टा मला लांब व्हायचा म्हणून तिनेच त्याला गाठ मारून दिली.

त्या घरातलं जेवण आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी. कधी कढीत सोडलेले डाळीचे गोळे. पौर्णिमेला खीर. आणि जेवणाबरोबर ताईच्या नकला. स्टेशनमास्तर पानाची पिंक आवरत कसे बोलतात, यार्डातला तेलुगू फिटर कशी शिवी घालतो, मेथीची जुडी विकणारी बाई आधी रागावते आणि मग आपणहून चार काड्या वर कशा टाकते. ताईचे हात पिठात असायचे, त्यामुळे ती हातवारे करत नसे. नुसती मान आणि आवाज. बाबा दिवसभर कुणाशी न बोलणारा माणूस, पण ताईने त्यांच्या साहेबांची नक्कल केली की त्यांना ठसका लागायचा. "बस कर वं," माय म्हणायची, "त्यायले जेवू दे." मी नंतर त्याच नकला शाळेत करून दाखवायचो. टाळ्या मला मिळायच्या. माझ्या धंद्याची सुरुवात अशी उसनवारीची.

ताईचं लग्न अकोल्याच्या एका शिक्षकाशी झालं. मुलगा आपल्यातलाच, हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवणारा, पुण्याला दोन वर्षं राहून आलेला. बाबांना त्या दोन वर्षांचं फार अप्रूप. आठ महिन्यांनी ताई माहेरपणाला आली आणि तिला न्यायला कुणी आलं नाही. महिना गेला, दोन गेले. मग मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी कामाची आहे, स्वभावाची आहे, तक्रार काही नाही. फक्त बोलणं फार गावठी. शाळेतली माणसं घरी येतात, त्यांच्यासमोर ती "मले, तुले, काहून" करते, चारचौघांत मान खाली जाते. पुढच्या महिन्यात दोघं वडीलधारे येतील, तेव्हा बसून बोलू.

निरोप ऐकून बाबा कंदिलाची काच पुसत बसले. ती आधीच पुसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा ताई दारातच उभी होती. मी नववीत होतो. वक्तृत्वात जिल्ह्यात नंबर आणलेला, रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून जीभ घासूनपुसून घेतलेली. घरी वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकी, असे बोलण्याचे दोन पोशाख होते माझ्याकडे.

"दिन्या," ती म्हणाली, "मले तुयासारखं बोलनं शिकव."

"कायच्यासाठी?"

"तुले माईत नाई का?"

मला माहीत होतं. आमची शाळा चुलीपाशी भरू लागली. ती भाकर थापायची, मी पाटावर बसून शिकवायचो.

"म्हण, मला भूक लागली आहे."

"मला भूक लागली हाये."

"हाये नाही. आहे."

"आहे. मला भूक लागली आहे." ती खूश व्हायची. "अन् तुले?"

"तुले नाही, ताई. तुला."

"हात् बापा!" ती कपाळावर पिठाचा हात मारून घ्यायची आणि आम्ही दोघं हसत सुटायचो.

मला तेव्हा नवल वाटायचं. जी बाई तेलुगू फिटरची शिवी त्याच्या घोगऱ्या आवाजासकट उचलते, तिला एक "मला" का उचलता येऊ नये? आता कळतं. नक्कल करताना ती तिथे नसायची, दुसरंच कुणी बोलायचं. हे मात्र तिला स्वतः म्हणून बोलायचं होतं. विमल म्हणूनच बोलायचं, आणि विमलच्या तोंडात नसलेलं. पन्नास वर्षं रंगभूमीवर काढल्यावरही ह्याहून अवघड काम मला सांगता येणार नाही. महिनाभर तिने सोडलं नाही. विहिरीवर, दळणाच्या रांगेत, मायच्या छातीला तेल चोळताना ती ओठातल्या ओठात घोकत असायची. प्रत्येक "मला"च्या आधी तिला एक आवंढा गिळावा लागायचा आणि हनुवटी जराशी वर जायची, कडू औषधाचा चमचा समोर धरल्यासारखी.

ते आले त्या दिवशी रविवार होता. दोघं वडीलधारे आणि जावई. मायने पोहे केले, त्यात सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, मुठीने घातलेला. ताईने बशा दिल्या आणि आतल्या दाराच्या चौकटीशी उभी राहिली. तिने काय म्हणायचं ते मीच वहीच्या पानावर लिहून दिलं होतं. दोनच वाक्यं होती. मी मायच्या मागे उभा राहून ती मनात म्हणत होतो, जसा विंगेतून प्रॉम्प्टर म्हणतो.

उजव्या हाताच्या मुठीत तिने गळ्याजवळ पदर धरला होता. "माझ्या बोलण्यात," ती म्हणाली, "सुधारणा झाली आहे."

एक वाक्य पार पडलं. मी श्वास सोडला. तिने आवंढा गिळला, हनुवटी वर केली. "मला आपल्या..." इथे तिने नवऱ्याकडे पाहिलं. पाहायला नको होतं. तो भिंतीकडे बघत होता आणि त्याच्या ओठाच्या एका कोपऱ्यात हसू होतं. दुष्ट हसू नव्हतं, पोराने चुकीचं उत्तर द्यायच्या आधी मास्तरला येतं तसलं. "मला आपल्या... मला... मले..." आणि मग सगळंच सुटलं. "मले संगं न्या ना जी. मी कोनासमोर बोलनारच नाई. अंदरच राहीन मी."

वडीलधाऱ्यांपैकी एकजण हसला. बहुधा अवघडून हसला असेल. बाबांनी मान खाली घातली. ताईने मूठ सोडली, चुरगळलेला पदर छातीवर सपाट केला, तळहाताने दोनदा, आणि आत गेली.

ती माणसं पुन्हा आली नाहीत. पुढे वर्षभरात फारकत झाली. ताईने बशा घासल्या, मायला काढा दिला, मला जेवू घातलं. नकला मात्र त्या दिवसापासून बंद. बाबा एकदोनदा म्हणाले, "विमल, साहेबाचं कर ना वं." ती म्हणायची, "आता नाई येत, बाबा."

मी अमरावतीला कॉलेजात जाऊ लागलो. सकाळी डबा ताई भरायची. दुसऱ्या वर्षी एकांकिका स्पर्धेत मला घेतलं. बसवणारे सर आमच्याच कॉलेजात मराठी शिकवायचे, सांगलीकडचे होते, कडक आणि कळकळीचे. नाटकात खेड्यातला मालक शहरी पाहुण्यांसमोर आब राखायला आपल्या गड्याला शुद्ध बोलायला सांगतो, असा एक प्रसंग होता. गड्याचं काम मला. सगळी मिळून सहा वाक्यं. घरी ताई संहिता हातात धरून माझी तालीम घ्यायची. सातवीतून सुटलेलं वाचन तिने त्या संहितेवर पुन्हा बोट ठेवून सुरू केलं होतं. मी चुकलो की "अं हं" करायची. पंधरा दिवसांत तिला अख्खं नाटक पाठ झालं. गड्याचा तो प्रसंग वाचून ती हसली होती, असं मला आठवतं. "बिचारा," म्हणाली होती.

तालमीत त्या प्रसंगाला कुणी हसत नव्हतं. सर वैतागले. "अरे, ह्यात जीवच नाही. काहीतरी घाल ह्यात. माणूस दिसू दे."

आणि मी घातलं. ठरवून घातलं नाही, हे मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. हात आपोआप गळ्याशी गेला, खांद्यावरच्या पंच्याची मूठ झाली, आवंढा आला, हनुवटी वर गेली. "मला आपल्या... मला... मले..." तालमीच्या खोलीत मुलं लोळायला लागली. पेटीवाल्याने पेटीवर डोकं ठेवलं. सरांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि विचारलं, "कुठून आणलंस रे हे?"

"असंच, सर," मी म्हणालो. "सुचलं."

ठरवून नव्हतं असं म्हणणं पहिल्या दिवसापुरतं चालेल. पण दुसऱ्या दिवशी मी ते घासलं. तिसऱ्या दिवशी आवंढा जरा लांबवला, कारण तिथे हशा वाढत होता. घरी तालीम व्हायची ती संहितेतल्या सहा वाक्यांचीच. ताईला अख्खं नाटक पाठ होतं, फक्त ही दोन मिनिटं ठाऊक नव्हती. अमरावतीच्या प्राथमिक फेरीला तिला यायचं होतं. मी सांगितलं, बायकांची बसायची सोय नाही. ती म्हणाली, "बरं बापा, मोठ्या फेरीले पाहीन." मोठी फेरी अकोल्याला होती हे कळल्यावर तिने संहिता मिटून ठेवली, आणि मी मनातून सुटलो. पाच वर्षांत तिने अकोल्यात पाय ठेवला नव्हता. चुलत मामाच्या मुलीच्या लग्नालाही नाही. गाडीतून पुढे जायचं झालं तरी अकोला स्टेशनात ती खिडकीकडे पाठ करायची.

स्पर्धा दुपारी होती. आमचा नंबर तिसरा. पडद्याच्या फटीतून गर्दी बघायची आम्हा नटांची वाईट खोड, ती मला तेव्हाच लागली होती. मी डोळा लावला आणि चौथ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला, ताई दिसली. लग्नातलं जांभळं पातळ नेसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही. नंतर कळलं, बाबांकडून पास काढून घेऊन ती एकटी पॅसेंजरने आली होती. ज्या गावात तिला ठेवून घेतलं नाही, त्या गावात ती रिक्षावाल्याला पत्ता विचारत आली होती, कारण माझा मोठा दिवस होता. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. नाटक पाठ होतं ना तिला.

मी सरांकडे गेलो. "सर, ती जागा गाळू का?"

"कुठली जागा?"

"मला-मलेची."

"डोकं फिरलं का तुझं? त्या दोन मिनिटांवर नाटक उभं आहे."

"सर, घरचं माणूस आलंय."

"मग तर आणखी चांगलं कर," सर म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मी सरांना दोष देत नाही. त्यांना काय माहीत? आणि एकदा पडदा उघडल्यावर सर विंगेत, मी रंगमंचावर. मी संहितेतली सहा वाक्यं म्हणून निघून आलो असतो तर मला धरायला कुणी येणार नव्हतं. फार तर नंबर गेला असता. हे मला त्या वेळीही कळत होतं. एन्ट्रीच्या आधी विंगेत उभं राहून मी म्हटलं, नाही करायचं. आणि मग मालकाचं वाक्य आलं, "बोल रे, पाहुण्यांशी नीट बोल," आणि समोर तो काळोख, त्या काळोखात वाट बघत असलेली शेकडो माणसं. मी पंच्याची मूठ केली.

त्या दिवशी ते जसं झालं तसं आधी कधी झालं नव्हतं. पहिल्या आवंढ्याला हशा आला. चौथ्या रांगेपर्यंत रंगमंचाचा उजेड पोचत होता, म्हणून मला ताईचा चेहरा दिसला. तीही हसत होती. सगळ्यांसारखी, दिन्याला हशा मिळाला म्हणून अभिमानाने. मग मी हनुवटी वर केली. हसू चेहऱ्यावरून उतरायला वेळ लागतो. ओठ तसेच राहतात, आधी डोळे विझतात. ते मी पाहिलं. आणि ते पाहताच मला एक गोष्ट आठवली, जी पाच वर्षांत आठवली नव्हती. मूठ सुटल्यावर तिने चुरगळलेला पदर तळहाताने दोनदा सपाट केला होता. तालमीत मी ते कधीच केलं नव्हतं. तिला बघून मला ते आठवलं आणि मी ते तिथल्या तिथे केलं, खांद्यावरच्या पंच्याला, दोनदा. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. टाळ्या थांबेनात. समोरचा नट पुढचं वाक्य घेऊन उभा राहिला.

आणि मला आनंद झाला. हेच लिहायला मी इतकी पानं आढेवेढे घेत होतो. तिचा चेहरा बघत असताना, त्याच क्षणी, मला छाती भरून येईल इतका आनंद झाला. पुढे मी पुष्कळ टाळ्या घेतल्या, पण तसा आनंद पुन्हा झाला नाही, आणि होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

नाटक संपल्यावर ती बाजूच्या दाराशी आली. मी तोंडाचा रंग पुसत होतो. भोवती मुलांचा गलका. तिने पिशवीतून डबा काढला. सांबारवड्या होत्या, आणि वर कागदाच्या पुडीत घशासाठी ज्येष्ठमध.

"छान झाले," ती म्हणाली. "सगळ्यांना आवडले. हा डबा घे. गाडीची वेळ झाली आहे, मला निघायला हवे."

आवंढा नाही, मूठ नाही. हनुवटी जिथल्या तिथे. एखाद्या हेडमास्तरीणबाईंना शोभेल असं सरळ, स्वच्छ बोलली. मी जे महिनाभर शिकवून तिला आलं नव्हतं, ते आलं होतं.

"ताई, थांब ना. निकाल लागून राह्यला आता."

"नको. आईने औषध घेतले नसेल."

आई! ती कधी मायला आई म्हणाली नव्हती. ती गेली. मी अभिनयाचं पहिलं बक्षीस घेतलं, आणि परतीच्या गाडीत आम्ही सगळ्यांनी त्या वड्या खाल्ल्या. मुलं म्हणाली, काय चव आहे यार. मीही खाल्ल्या, चार-पाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा ताई चुलीपाशी होती. "माय, दूध पाय वं, उतू चाल्लं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "चहा घेतोस?" मला वाटलं, रागात आहे, उतरेल. आठवडा गेला. सगळ्यांशी वऱ्हाडी, माझ्याशी पुस्तकी. शेवटी मायच्याच लक्षात आलं. "काहून वं, लेकरासंग असं पुस्तकावानी काहून बोलतं?"

"त्याले तसंच आवडते," ताई म्हणाली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, निदान जे नाटक-सिनेमा पाहतात त्यांना. त्या स्पर्धेच्या परीक्षकांपैकी एकाने मला मुंबईला बोलावलं. मी हवालदार केले, सरपंच केले, वकील, आंधळा गायक, एकदा तर चक्क बंगाली डॉक्टर. लोक अष्टपैलू म्हणतात. पण तिकीट विकलं गेलं ते त्या "मला-मले"वर. एका व्यावसायिक नाटकात ते जसंच्या तसं घातलं आणि ते नाटक अकरा वर्षं चाललं. सिनेमातही दोनदा. निर्माते म्हणायचे, "तुमचं ते वऱ्हाडी जरा टाका ना." मी टाकायचो. कुणी विचारलं की सांगायचो, आमच्या गावात एक गडी होता, त्याच्यावरून घेतलं. इतक्या वेळा सांगितलं की तो गडी मला दिसायलाही लागला. त्याचं नावसुद्धा ठेवलं होतं मी.

ताईने पुन्हा लग्न केलं नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावात ती अंगणवाडी सेविका झाली, तिथेच दोन खोल्यांचं घर बांधलं. बाबा निवृत्त झाल्यावर माय-बाबा तिच्याकडेच राहिले आणि तिच्याच हातचं पाणी पिऊन गेले. मी पाहुण्यासारखा जायचो, मिठाईचा खोका घेऊन. एकदा न कळवता गेलो तर ती अंगणवाडीत होती. आत जायच्या आधी भिंतीपाशी थांबलो. आत सेमाडोहच्या जंगलातला वाघ आपल्या बायकोला सांगत होता, "मी आज मानूस नाई खात, मायं पोट बिघडून राह्यलं!" आणि वाघीण त्याला झापत होती, आणि एक माकड झाडावरून दोघांना सल्ले देत होतं. तीस पोरं खिदळत होती. वाघ, वाघीण, माकड, तिन्ही आवाज तिचेच. इतकं सहज, इतकं नेमकं काम मी मोठमोठ्या नटांचंही पाहिलेलं नाही. म्हणजे तिने नकला सोडल्या नव्हत्या. मी दारात आलो. माकड अर्ध्या वाक्यात थांबलं. "ये," ताई म्हणाली. "केव्हा आलास? मुलांनो, नमस्कार करा."

मागच्या वर्षी अमरावतीत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, माझ्यावर एक छोटी फिल्म दाखवली. त्या फिल्ममध्ये अर्थातच ती दोन मिनिटं होती. सभागृह पुन्हा हसलं, आता नातवंडांच्या वयाची मुलं हसली. मला तिथे बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी केली आणि ताईकडे गेलो. ती आता ऐंशीकडे झुकली आहे, ऐकायला जरा कमी येतं, बाकी ताठ. तिने चहा ठेवला. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि इतक्या वर्षांत न म्हटलेलं म्हटलं.

"ताई, मायं चुकलं. अकोल्याले."

"त्यात काय," ती म्हणाली. "नाटक होते ते."

"नाटक नव्हतं ते. तुले माईत हाये."

ती चहा गाळत राहिली.

"एक कर मायासाठी," मी म्हणालो. "मायासंग आपल्या बोलीत बोल. एक डाव. शिव्या दे पायजे तं."

तिने गाळणी खाली ठेवली. जरा विचार केला, टाळायचं म्हणून नव्हे, खरंच येतंय का ते बघावं तसा. मग म्हणाली, "तुझ्यासमोर येत नाही मला."

तिने कप माझ्यापुढे सरकवला. "मला एक विचारायचे होते," ती म्हणाली. "पडदा उघडायच्या आधी तू मला पाहिले होतेस का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. चेहरा, आवाज, थांबणं, सगळं माझ्या हातात होतं, सवयीचं होतं. तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कळलं की ह्या एका उत्तरावर तिने काहीतरी ठेवलेलं आहे, किती वर्षं कोण जाणे.

"पाहिलं होतं," मी म्हणालो. "चौथ्या रांगेत."

तिने मान हलवली. "इतकी वर्षे मी समजून होते," ती म्हणाली, "की नसेल पाहिले."

मग ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मी हात पुढे केला, तिने तो घेतला नाही. दिसलाही नसेल. ती मागच्या अंगणात गेली आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला हाक मारली, "वं रुख्मे, झालं का वं तुयं? ये ना इकडं, पाहुना आला हाये मुंबईचा, तुले फोटू काढाचा हाये न त्याच्यासंग?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं, त्यावर ती हसली आणि आणखी काही बोलली, भरभरून, मोकळ्या गळ्याने. मी आत एकटा बसलो होतो. चहा निवत होता. "वं"वर तिचा आवाज किती वर जातो, "न"वर कसा खाली बसतो, ते ऐकत होतो. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत.